सही करण्याआधी भट्टीचं दार बघा

वाचकाचं पत्र: घरी पाइपचा गॅस आहे. शिवाय आम्हा दोघा भावांचा हीट ट्रीटमेंटचा, म्हणजे धातूचे भाग तापवून कडक करण्याचा, छोटा कारखाना आहे, त्यात गॅसवरच्या दोन भट्ट्या. घरचं बिल घनमीटरमध्ये येतं, कारखान्याचं एमएमबीटीयूमध्ये, आणि कारखान्याच्या दराचा आकडा घरच्या दराच्या छत्तीसपट दिसतो. घरी या वर्षी गॅस कमी वापरूनही बिल फारसं उतरलं नाही. आता कारखान्याच्या पुरवठादाराने तीन वर्षांचा नवा करार पुढे केला आहे. दर आठ टक्के कमी, पण गेल्या वर्षीच्या वापराच्या ९० टक्के गॅस दरवर्षी उचलायचाच. नाही उचलला तरी तेवढे पैसे भरायचे. धाकटा भाऊ म्हणतो, या भानगडीत पडूच नका, सगळं विजेवर न्या. उत्तर द्यायला पंधरा दिवस आहेत. बिलं आणि मसुदा सोबत पाठवतो. सही करू का?

उत्तर: नमस्कार. या मसुद्यावर सही करू नका. तुम्ही बिलं आणि मसुदा पाठवलात हे फार बरं केलंत, कारण पत्रात न आलेली एक गोष्ट मसुद्याच्या चौथ्या पानावर बसलेली आहे. तिच्याकडे येतोच, पण आधी ते छत्तीसपटीचं कोडं सोडवू. ते सुटल्याशिवाय पुढचा हिशेब लागायचा नाही.

घरचा मीटर गॅसचं आकारमान मोजतो. कारखान्याचं बिल त्या गॅसमधल्या उष्णतेचं असतं. एक एमएमबीटीयू म्हणजे सुमारे २,५२,००० किलोकॅलरी. तुमच्या कारखान्याच्या बिलावर खालच्या कोपऱ्यात गॅसचं उष्मांक मूल्य दिलंय : घनमीटरला ८,४०० किलोकॅलरी. भागाकार करा, ३० येतात. म्हणजे कारखान्याच्या बिलातलं एक एमएमबीटीयू म्हणजे तीस घनमीटर गॅस. छत्तीसला तिसाने भागलं की उरतं १.२. कारखान्याचा दर घरच्या दराच्या छत्तीसपट नाही, वीस टक्के जास्त आहे, एवढंच.

आणि तोसुद्धा नुसता कागदावर. घरच्या बिलाची बेरीज पुन्हा एकदा बघा. शंभरातले चाळीस तिथे स्थिर आकाराचे आहेत: जोडणी, मीटर, जाळ्याची देखभाल. गॅस जाळा किंवा जाळू नका, ते लागणारच. वापर कमी करूनही बिल उतरलं नाही त्याचं कारण हे. तुमच्या काटकसरीत काही खोट नव्हती. एकूण बिलाला वापरलेल्या घनमीटरांनी भागलं, तर घरचा खरा दर छापील दराच्या १.६७ पट निघतो. कारखान्याच्या बिलात स्थिर आकार जेमतेम तीन टक्के आहे, म्हणून त्याचा खरा दर घरच्या छापील दराच्या सव्वापटीच्या आसपास थांबतो. थोडक्यात, तुम्हाला घरी स्वस्त आणि कारखान्यात महाग वाटणारा गॅस प्रत्यक्षात घरी जास्त महाग पडतोय. बिल कुठलंही असो, मी पहिल्यांदा हा भागाकार करतो.

एकाच रस्त्याखालच्या एकाच पाइपमधून येणाऱ्या गॅसला दोन भाव का, असा प्रश्न आता तुम्हाला पडला असेल. या प्रश्नाला इतिहास आहे आणि तो माहीत असला तर पुरवठादाराशी बोलताना कामी येतो. १९५९ साली नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन प्रांतात गॅसचा प्रचंड साठा सापडला. तो काढायला खर्च अगदी कमी येणार होता. मग विकायचा कितीला? १९६२ मध्ये तिथले आर्थिक व्यवहार खात्याचे मंत्री यान विलेम द पाउस यांनी संसदेपुढे एक टिपण ठेवलं. त्यातलं सूत्र असं होतं की गॅसची किंमत काढण्याच्या खर्चावर ठरवायचीच नाही. ग्राहकाला गॅस मिळाला नसता तर त्याने जे इंधन घेतलं असतं, त्याच्या भावावर ठरवायची. घर तापवणाऱ्याला हलक्या तेलाचा भाव, मोठ्या कारखान्याला जड फर्नेस ऑइलचा. एका गॅसला दोन भाव, आणि दोन्ही तेलाला बांधलेले. पुढे कित्येक देशांच्या करारांनी हेच सूत्र उचललं. भूकंपाच्या धक्क्यांमुळे ग्रोनिंगेनचं उत्पादन १ ऑक्टोबर २०२३ रोजी थांबवलं गेलं, पण किंमत तेलाला बांधायची ती पद्धत अजूनही अनेक दीर्घ मुदतीच्या करारांत जिवंत आहे.

दुसरं कारण जाळ्याचं. घरं थोडाथोडा गॅस घेतात, तोही सकाळ-संध्याकाळ आणि थंडीत एकदम. तरी पाइप प्रत्येक दारापर्यंत न्यावाच लागतो आणि तो सगळ्यात जड दिवसाच्या मागणीला पुरेल एवढा मोठा ठेवावा लागतो. कारखाना एका जोडणीवर दिवसरात्र एकसारखा गॅस ओढतो. अमेरिकेत म्हणूनच घरगुती दर अलीकडे बहुतेक वर्षी औद्योगिक दराच्या दुपटीहून जास्त असतो. भारतात सरकारी धोरणच वेगळं आहे: देशात निघणारा गॅस घरांना प्राधान्याने दिला जातो आणि कारखान्यांना बऱ्याच अंशी आयात केलेल्या द्रवरूप गॅसवर अवलंबून राहावं लागतं, त्यामुळे तिथे चित्र बरंचसं उलटं दिसतं. तेव्हा घराला स्वस्त की कारखान्याला, हे गॅस ठरवत नाही. ते धोरण, जाळं आणि करार ठरवतात. यातल्या पहिल्या दोन गोष्टींवर तुमचा हात चालत नाही, तिसरीवर चालतो.

आता चौथं पान. तुमच्या सध्याच्या बिलात दर ‘एनसीव्ही’वर आहे, म्हणजे निव्वळ उष्मांकावर. नव्या मसुद्यात शब्द बदललाय: ‘जीसीव्ही’, सकल उष्मांक. गॅस जळला की पाण्याची वाफ होते. त्या वाफेतली उष्णता धरली तर सकल, सोडली तर निव्वळ. तुमच्या भट्टीसारख्या ठिकाणी ही वाफ धुराड्यातून तशीच निघून जाते, तुम्हाला त्या उष्णतेचा काडीचा उपयोग नाही. मसुद्यात सकल मूल्य घनमीटरला ९,३०० धरलंय, निव्वळ ८,४०० आहे. म्हणजे त्याच एक घनमीटर गॅसमध्ये कागदावर जवळजवळ अकरा टक्के जास्त एमएमबीटीयू मोजले जाणार. दर आठ टक्क्यांनी कमी झाला म्हणजे ०.९२ झाला, त्याला १.१०७ ने गुणा. उत्तर १.०२ येतं. ज्याला सवलत म्हणतायत तो करार आजच्यापेक्षा दोन टक्के महाग आहे.

कुणी मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही. जीसीव्हीवर दर लावणं पूर्णपणे रीतसर आहे आणि पुष्कळ ठिकाणी तीच पद्धत आहे. पण तुलना करताना दोन्ही आकडे एकाच मापात मागून घेणं हा तुमचा हक्क आहे. तो मागा, आणि लेखी मागा.

त्याच पानावर दराचं सूत्रही आहे, ते सावकाश वाचा. दर कच्च्या तेलाच्या तीन महिन्यांच्या सरासरीला बांधलेला आहे. म्हणजे तीन वर्षांसाठी गोठलंय ते सूत्र. भाव मोकळाच आहे. गॅसचे भाव किती उसळू शकतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. युरोपातल्या टीटीएफ या प्रमुख बाजारात २०२१ च्या सुरुवातीला भाव मेगावॉट-तासाला वीस युरोंच्या आसपास होता. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर, पाइपलाइनचा पुरवठा आटत गेला तसा, ऑगस्ट २०२२ मध्ये तो तीनशे युरोंच्या वर गेला. त्याच महिन्यात अमेरिकेत हेन्री हब या तिथल्या प्रमुख बाजारातला भाव याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होता. गॅस इकडून तिकडे ओतता येत नाही म्हणून एवढी तफावत पडते. समुद्रापार न्यायचा तर तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करावा लागतो, तेव्हा कुठे त्याचं आकारमान सहाशेपटीने घटतं आणि तो जहाजात मावतो. ते जहाज, ते कारखाने, ती टर्मिनलं मोजकीच आहेत. करारात कमाल दराची मर्यादा घालून मिळते का, हे पुरवठादाराला जरूर विचारा. मिळाली तर तिची किंमत आठ टक्के सवलतीपेक्षा मोठी आहे.

पण मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती ९० टक्के उचलण्याच्या अटीची. धंद्यात हिला ‘टेक ऑर पे’ म्हणतात. पुरवठादाराच्या बाजूने ती समजण्यासारखी आहे, त्यानेही पुढे कुणालातरी तसाच शब्द दिलेला असतो. तुमच्या बाजूने मात्र ती आजची उधळपट्टी तीन वर्षांसाठी कायम करून टाकते. गेल्या वर्षीच्या वापरात तुम्हाला लागलेला गॅस किती आणि वाया गेलेला किती, हे अजून कुणी मोजलेलंच नाही. समजा भट्ट्या नीट करून वापर शंभरावरून ऐंशीवर आला. नव्वदचे पैसे तर भरायचेच आहेत! मग भट्टी सुधारण्यात कुणाला रस उरेल?

भट्ट्यांमधून गॅस कसा जातो ते मी जवळून पाहिलंय. काही वर्षांपूर्वी तुमच्याच धंद्यातल्या एका कारखान्यात मी मोजमापाला गेलो होतो. मालकांचं म्हणणं, बर्नर जुने झालेत, नवे घ्यायचेत. मी दिवसभर भट्टीसमोर स्टूल टाकून बसलो, हातात घड्याळ. कामगार दार वर ओढायचा. आतला केशरी उजेड समोरच्या भिंतीवर पडायचा, चेहऱ्याला चटका बसायचा. मग तो शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मालाची ट्रॉली ढकलत आणायचा. ट्रॉलीचं एक चाक अडकत होतं. दार उघडं राहण्याचा वेळ: पाच मिनिटं, कधी साडेपाच. दिवसात वीस वेळा. दुसऱ्या दिवशी फक्त क्रम बदलला. ट्रॉली आधी दारासमोर आणायची, मग दार उघडायचं. दोन मिनिटांत काम उरकू लागलं.

त्या तीन मिनिटांचा हिशेब तुम्हीही करून बघा. ९०० अंशांना तापलेल्या भट्टीच्या तोंडातून नुसत्या उष्णतेच्या किरणांनी दर चौरस मीटरला सुमारे १०० किलोवॉट उष्णता बाहेर पडते. दार ०.८ चौरस मीटरचं होतं, म्हणजे ८० किलोवॉट. तीन मिनिटांत चार किलोवॉट-तास, वीस वेळा म्हणजे ऐंशी. भट्टीत गॅसच्या उष्णतेतली निम्म्याहून कमीच टिकते, त्यामुळे ही ऐंशी भरून काढायला साधारण १८० किलोवॉट-तासांचा गॅस जाळावा लागतो. तो होतो सोळा-सतरा घनमीटर. रोज. नुसता स्वयंपाक गॅसवर करणाऱ्या घराला तेवढा महिनाभर पुरू शकतो. त्या मालकांचा चेहरा मला अजून आठवतो. त्या आठवड्यात त्यांनी बर्नरची ऑर्डर थांबवली आणि ट्रॉलीचं चाक बदललं.

दारानंतर हवा. एक घनमीटर गॅस पूर्ण जळायला जवळजवळ दहा घनमीटर हवा लागते. थोडी जास्त द्यावीच लागते, नाहीतर अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो. पण ब्लोअरचा डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, कुणीतरी कधीतरी पूर्ण उघडतो आणि तो तसाच राहतो. मग ती फालतू हवा नऊशे अंशांपर्यंत तापवून आपण धुराड्यातून सोडून देतो. फ्ल्यू गॅसमध्ये, म्हणजे धुराड्यातून जाणाऱ्या धुरात, ऑक्सिजन दोन-तीन टक्के असला की समजा हवा बेताची आहे. सात-आठ टक्के असला तर जवळपास दीडपट हवा जातेय, आणि एवढ्या तापमानाच्या भट्टीत नुसती ती आवरली तरी गॅसचा पाचवा हिस्सा वाचू शकतो. तुमच्या पत्रात भट्ट्यांचा शेवटचा फ्ल्यू तपास कधी झाला याचा उल्लेख नाही, आणि बिलं बघून मला वाटतं तो बरेच दिवसांत झालेला नसावा. मालाचं वजन जवळपास तेवढंच असूनही दर टनाला लागणारा गॅस दोन वर्षांत हळूहळू चढलेला दिसतो. हे काम धूर तपासणारा अॅनालायझर लावून जाणत्या बर्नर मेकॅनिककडूनच करून घ्या. ज्योतीच्या रंगावरून अंदाजाने डॅम्पर दाबू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

त्यापुढची पायरी रिक्युपरेटरची, म्हणजे जाणाऱ्या धुराच्या उष्णतेने येणारी हवा तापवायची. ज्वलनाची हवा चारशे अंशांपर्यंत तापवली तर आणखी सुमारे पाचवा हिस्सा वाचतो. त्याला भांडवल लागतं, म्हणून तो आत्ताच्या पंधरा दिवसांतला विषय नाही. दार आणि डॅम्परला मात्र जवळपास काहीच खर्च नाही.

भावाच्या म्हणण्याकडे येतो. त्याचं अर्धं म्हणणं मला पटतं. हिशेब साधा आहे. एका घनमीटर गॅसमध्ये जवळजवळ पावणेअकरा किलोवॉट-तास उष्णता असते, विजेच्या पावणेअकरा युनिटांइतकी. पण किती उपयोगी पडते ते जागेवर अवलंबून. शेगडीवर भांड्यात निम्मीच्या आसपास जाते, बाकी भांड्याच्या कडांवरून वर निघून जाते. इंडक्शनवर ८५ टक्के आत जाते. म्हणून स्वयंपाकापुरतं बोलायचं तर एका घनमीटरचं काम सहाच्या आसपास युनिटांत होतं. पाणी तापवायला हीट पंप वापरला तर एका घनमीटरचं काम साधारण तीन युनिटांत उरकतं, कारण तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो. तुमच्या भट्टीत आज निम्मी उष्णता टिकते असं धरलं, तर विद्युत भट्टीला त्याच कामाला पाच-साडेपाच युनिटं लागतील. रिक्युपरेटर बसवल्यावर बरोबरी सातच्या आसपास जाईल, म्हणजे गॅसची बाजू वर येईल. तुमच्या हातातल्या बिलांवरचे दर या आकड्यांत घाला. एका घनमीटरचा दर तीन युनिटांच्या दरापेक्षा जास्त भरला तर घरचं गरम पाणी डोळे मिटून हीट पंपावर न्या. भट्ट्यांचं मात्र आत्ताच ठरवू नका. विजेच्या बिलात कमाल मागणीचा आकार असतो, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली त्यावरचा. दोन भट्ट्या एकदम चालू झाल्या की तो कुठल्या कुठे जातो, आणि भावाने तो धरलेला दिसत नाही. पण दोन वर्षांनी एक भट्टी विजेवर न्यावीशी वाटली तर हा ९० टक्क्यांचा करार तुमचे पाय धरेल, हे त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

घरासाठी एकच काम सांगतो, आज रात्रीच करा. सगळी उपकरणं बंद करून मीटरवरचे शेवटचे लाल आकडे लिहून ठेवा. सकाळी पहिला चहा ठेवण्याआधी पुन्हा बघा. आकडा हलला असेल तर कुठेतरी गळती आहे, वास येवो न येवो, लगेच कळवा. वास आलाच तर दिव्याचं बटण चालू-बंद करू नका, मीटरजवळचा कॉक बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि फोन बाहेरूनच करा. गॅसला स्वतःचा वास नाही, तो मुद्दाम मिसळलेला असतो. १९३७ मध्ये टेक्ससमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाचा गॅस साचून स्फोट झाला, सुमारे तीनशे जण गेले, त्यात बहुतेक मुलं. वास मिसळण्याची सक्ती त्यानंतर आली. म्हणून सर्दी झालेली असताना नाकावर विसंबू नका, मीटरवर विसंबा.

पुरवठादाराला पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय, ते उद्याच द्या. लिहा की दर सध्याच्या बिलासारखाच एनसीव्हीवर सांगावा, तेलाच्या सूत्राला कमाल मर्यादा असावी, मुदत एक वर्षाची असावी आणि बंधनकारक उचल गेल्या वर्षीच्या ७० टक्क्यांवर यावी. उचल न झालेला गॅस पुढच्या वर्षी वापरता येईल का, हेही विचारा. कित्येक करारांत तशी सोय असते आणि न मागणाऱ्याला ती कुणी सांगत नाही. सगळं मिळणार नाही. उचलीचा आकडा खाली आला आणि दर एका मापात मिळाला, तर बाकीच्यावर सोडून द्यायला हरकत नाही. ते दोन्ही नाकारले तर मुदत जाऊ द्या आणि सध्याच्या दरावरच राहा. मसुदा आहे तसा घेतला तर दोन टक्के जास्त भरण्यासाठी तुम्ही तीन वर्षं बांधून घेणार आहात.

दरम्यान रोज सकाळी एकाच वेळी दोन्ही भट्ट्यांचं रीडिंग घ्या आणि शेजारी त्या दिवशी किती किलो माल गेला ते लिहा. टनामागे किती घनमीटर, हा आकडा मला पुढच्या पत्रात हवा आहे. दाराचा वेळ मोजायला घड्याळ भावाच्या हातात द्या. विजेवर जायचं म्हणणारा तोच आहे, तेव्हा गॅस कुठून जातो ते त्याने स्वतः बघितलेलं बरं.